नरक्याचे झाड आणि एका रसायनशास्त्रज्ञाचे शोधनिबंध

श्रोतेहो, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांना नरक्या कोणी दाखवावा लागत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत त्याची दुर्गंधी वाटेवरूनच जाणवते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला पूर्वी मॅपिया फीटिडा हे नाव दिले होते, आणि त्यातल्या फीटिडा या शब्दाचा अर्थही दुर्गंधीयुक्त असाच आहे. हे झाड रसायनशास्त्रात कसे आले, हे सांगायचे तर प्राध्यापक टी. आर. गोविंदाचारी यांचे संशोधन उलगडून पाहावे लागते.

गोविंदाचारी १९१५ साली जन्मले, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले आणि चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांच्याकडे राहून त्यांनी सेनेशिओ वनस्पतींमधील अल्कलॉइडांवर, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांवर, काम केले. परतल्यावर प्रेसिडेन्सीतच प्राध्यापक असताना त्यांनी आपल्या भोवतालच्या वनस्पती हाती घेतल्या. त्यांच्या शोधनिबंधांची यादी वाचताना मी नेहमी १९५६ पाशी थांबतो. त्या वर्षी नागराजन आणि पै या सहकाऱ्यांसह त्यांनी पिवळ्या माक्यातील वेडेलोलॅक्टोन या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. त्याच्या रेणूत कार्बनचे १६, हायड्रोजनचे १० आणि ऑक्सिजनचे ७ अणू आहेत. पण अणू मोजता येणे आणि ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे ठरवणे, यांत फार मोठे अंतर असते. आज रेणूतल्या अणूंची जोडणी दाखवणारा चुंबकीय अनुनादाचा आलेख एका दुपारी हाती येतो. त्या काळी रेणूचे रासायनिक क्रियांनी तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा ओळखायचा, त्यावरून मूळ रेणूची कल्पना बांधायची आणि शक्य झाल्यास तोच रेणू प्रयोगशाळेत घडवून आपली कल्पना पडताळायची, एवढा लांबचा रस्ता होता. म्हणून त्या काळातल्या निबंधांची संख्या आजच्या संख्येशी ताडून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

१९६० साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, आणि १९६३ पासून त्यांनी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राची धुरा सांभाळली. औषध कंपनीच्या केंद्रात गेल्यावर अनेकांचे मूलभूत लेखन आटते. त्यांचे आटले नाही.

नरक्याचा निबंध याच काळातला. अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले होते. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले की तेच द्रव्य, आणि त्याच्याच जातीचे मेथॉक्सी नावाचा अणुगट जोडलेले दुसरे, नरक्यातही आहे. योगायोग असा, की साधारण त्याच सुमारास कॅम्प्टोथेसिनच्या क्षाराच्या रुग्णांवरील चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवण्यात आल्या. म्हणजे ज्या द्रव्याचा आता उपयोग नाही असे वाटू लागले होते, त्याचा एक नवा स्रोत या निबंधाने नोंदवून ठेवला होता. पेशीतील डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराला (एन्झाइमला) हे द्रव्य अडवते, हे १९८५ साली समजले. मग त्यावरून बेतलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली.

मागणी वाढली तशी सह्याद्रीतली नरक्याची खोडे तोडून बाहेर जाऊ लागली. शोधनिबंधाने झाडाचे मोल सांगितले, ते आधी व्यापाऱ्यांनी ऐकले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे उतारवयात गोविंदाचारींनी मद्रासला कडुनिंबातील ट्रायटर्पेनॉइड या वर्गातल्या द्रव्यांवर काम केले आणि त्याचेही निबंध नव्वदीच्या दशकात प्रसिद्ध होत राहिले. २००१ साली ते गेले. खानापूर तालुक्यातल्या ज्या मुलामुलींना रसायनशास्त्रात पुढे जायचे आहे, त्यांना मी या माणसाचा १९५६ चा आणि १९७२ चा निबंध मिळवून शेजारी-शेजारी ठेवून वाचायला सांगतो, कारण पहिल्यातला माका त्यांच्या घरी तेलात उकळलेला असतो आणि दुसऱ्यातले झाड त्यांच्या गावच्या रानात उभे असते.