कालवांसाठी डोंगरावर झाडं

श्रोतेहो, नमस्कार. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर सानरिकू नावाचा पट्टा आहे. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मधे चिंचोळ्या खाड्या. सपाट जमीन थोडी, म्हणून भात नदीकाठापुरता आणि पोटपाणी समुद्रावर. ओयाशिओचा थंड आणि कुरोशिओचा उबदार प्रवाह इथल्या समुद्रात भेटतात, त्यामुळे मासळी मुबलक. खाडीत तराफे बांधून दोरांवर कालवं वाढवतात. कालवं म्हणजे काय, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको; बाकीच्यांसाठी, हे खायचे शिंपले.

याच पट्ट्यातल्या केसेन्नुमाच्या शिगेआत्सु हाताकेयामांचा धंदा वडिलोपार्जित, कालवांचाच. पण खाडीचं पाणी बिघडलं, त्यात लाल सूक्ष्मजीव माजले आणि कालवांचं मांस लाल पडलं. लाल कालव कोण विकत घेणार? माल फेकून द्यावा लागला. १९८४ साली ते फ्रान्सला गेले. लुआर नदीच्या मुखाशी कालवं ठणठणीत होती आणि नदीच्या वरच्या अंगाला रुंद पानांची रानं होती. परतल्यावर ते आपली ओकावा नदी धरून उगमाकडे निघाले. वाटेत सांडपाणी, भातशेतीतली औषधं, वर लाकडासाठी लावलेलं सुगी या सुईसारख्या पानांच्या झाडांचं दाट बन. खाली ऊन पोचतच नव्हतं.

मग १९८९ साली कोळी मुरोने डोंगर चढले आणि रुंद पानांची झाडं लावली. भरघोस मासळी मिळाली की नौकेवर चढवायची ती रंगीत निशाणं त्यांनी त्या दिवशी डोंगरावर फडकवली. कोळ्यांची निशाणं, डोंगरावर!

का लावली झाडं? पानं कुजतात, त्या मातीतलं लोह नदीवाटे समुद्रात येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि कालवं त्या वनस्पती खातात. पुन्हा सांगतो: रानातलं लोह नदीतून समुद्रात, तिथून कालवांच्या पोटात. आपल्या शाळांत डोंगर एका धड्यात आणि समुद्र दुसऱ्या धड्यात शिकवतात, हे मला मुळीच पटत नाही. मुलांना एकदा तरी नदीकाठानं चालत न्यावं.

२०११ च्या त्सुनामीत तराफे गेले, हाताकेयामांची आईही गेली. पण खाडीत जीव परतले आणि कालवं पुन्हा वाढू लागली.

झाडांइतकीच त्यांची भिस्त मुलांवर होती. नदीच्या वरच्या गावांतल्या मुलांना ते खाडीवर बोलवत आणि कालवं खातात त्या सूक्ष्म जीवांनी भरलेलं पाणी घोटभर प्यायला देत. म्हणजे माणूस नदीत जे सोडतो ते कालवात जातं आणि कालवातून पुन्हा माणसात, हे जिभेलाच कळे. एका मुलानं घरी जाऊन शाम्पू निम्मा केला. दुसऱ्यानं शेतकरी बापाला सांगितलं, भातावरची औषधं जरा कमी करा.