पापाऊते : गाण्यातून, चित्रपटातून, चित्रकथेतून फ्रेंच

[पडद्यावर : फळा. एकच शब्द, सलग लिहिलेला.]

पापाऊते. शब्दकोशात हा शब्द सापडणार नाही. बेल्जियमच्या स्ट्रोमाए या गायकाच्या २०१३ सालच्या गाण्याचं हे नाव.

फोडून पाहिलं की तीन तुकडे पडतात : पापा, ऊ, ते. 'बाबा, कुठे आहेस?' पाठ्यपुस्तकात हाच प्रश्न 'ऊ ए त्यु' असा येतो. क्रियापद आधी, कर्ता नंतर. बोलताना कर्ता जागचा हलत नाही, आणि 'त्यु ए' आकसून नुसतं 'ते' उरतं. दोन्ही वाक्यं शेजारी लिहिली की वर्गातून प्रश्न येतोच, मग बरोबर कोणतं? दोन्ही. एक औपचारिक लेखनातलं, एक तोंडचं.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ही फट दाखवायला गाण्यासारखं साधन नाही. धडा संपल्यावर उरलेली दहा मिनिटं भरायला लावायचं असेल, तर न लावलेलं बरं. आणि हे गाणं घरी नसलेल्या बापाचं आहे. वर्गात कुणाला ते लागेल का, हे आधी बघावं.

गायकाचं नावही उलटंच आहे. 'माएस्त्रो'ची अक्षरं फिरवली की 'स्त्रोमाए'. या उलटापालटीला फ्रेंचमध्ये 'वेर्लां' म्हणतात. तो शब्दसुद्धा 'लांवेर', म्हणजे 'उलट', फिरवून झालेला. 'फू' म्हणजे वेडा, त्याचं 'ऊफ'. 'लूश' म्हणजे संशयास्पद, त्याचं 'शलू'. मुलांना हे भयंकर आवडतं. ओळखता येण्यापुरतंच शिकवावं, नाहीतर तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर बाहेर पडतं.

[पडद्यावर : कात्रीने कापलेल्या कागदाच्या पट्ट्या.]

तीन मिनिटांच्या गाण्याला पन्नास मिनिटांचा तास पुरतो. पहिल्यांदा कागद न देता ऐकवायचं. कोण कुणाशी बोलतंय, रागावलंय की विनवतंय, एवढंच विचारायचं. दुसऱ्या फेरीला एका कडव्याच्या आठ ओळी कापून जोडीजोडीला द्यायच्या. ऐकत ऐकत क्रम लावायचा. तिसऱ्या फेरीला गाळलेल्या जागा, आठ ते दहा. दोन जागांमध्ये किमान एक पूर्ण ओळ सोडायची, कारण पहिला शब्द लिहीपर्यंत दुसरा निघून जातो आणि मूल तिथेच पेन ठेवतं. यमकाचे शब्द गाळले तर कान मदत करतो. नकाराचा 'न' कधीच गाळू नये. बोलीत तो बहुतेक वेळा उच्चारलाच जात नाही, मग ऐकू कुठून येणार? चौथी फेरी नको.

वेग पाऊणपट केला तर चालतं. निम्म्यावर आणला की स्वर ओघळतात आणि उलट कमीच कळतं. ओळी इंटरनेटवरून उतरवल्या असतील तर स्वतः ऐकून तपासायच्या, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. नको ते शब्द हमखास तिथेच दडलेले असतात.

मुलं ओळींखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. इथे घोटाळा होतो. 'तू' या अर्थाचा शब्द आणि 'सगळं' या अर्थाचा शब्द, दोन्हींखाली 'तू' असंच लिहिलं जातं. पहिल्यातला स्वर आपल्याकडे नाहीच : ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. आरसा समोर धरून ओठ न हलवता 'ऊ'वरून 'ई' म्हणायला लावलं, की दोन मिनिटांत जमतो.

दुसरा घोटाळा चालीचा. 'फ्रेर जाक' हे बालगीत घ्या. बोलताना दोनच शब्दावयव, 'फ्रेर', 'जाक'. गाताना चार : फ्रे-र-जा-क. शब्दाच्या शेवटचा मुका स्वर चालीसाठी जागा होतो. पाठ झालेलं गाणं मग बोलण्यातही तसंच उतरतं. म्हणून गाऊन झाल्यावर तीच ओळ साधी, बोलल्यासारखी वाचून घ्यायची.

चित्रपट पूर्ण दाखवू नये. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग पुरे, तोही आधी आवाज बंद करून. पात्रं एकमेकांना 'व्हू' म्हणतात की 'त्यु', यावर लक्ष ठेवायला सांगायचं. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर गाडी कुठे आली, ते मराठी मुलं पटकन पकडतात. मूळ फ्रेंचच चित्रपट निवडावा. परभाषेतल्या मालिकेचं फ्रेंच ध्वनिमुद्रण आणि फ्रेंच उपशीर्षकं वेगवेगळी लिहिलेली असतात. मुलं एक ऐकतात, दुसरं वाचतात आणि स्वतःच्याच कानावर अविश्वास दाखवतात.

[पडद्यावर : सहा चौकटी, संवादाचे फुगे कोरे.]

चित्रकथेत काळ डोळ्यांना दिसतो. मागे पाऊस पडत होता, तो अपूर्ण भूतकाळात, 'अँपार्फे'त. दार उघडलं, ते घडून गेलेल्या घटनेच्या भूतकाळात, 'पासे कोंपोझे'त. पार्श्वभूमी निळ्या पेनाने, घटना लाल पेनाने लिहायला लावली की गोंधळ बराच मिटतो. आवाजही फ्रेंचच हवेत : दारावर 'तोक तोक', शिंकेला 'आचूम', पाण्यात पडल्यावर 'प्लूफ', कोंबड्याचं 'कोकोरिको'.

कोरे फुगे मुलांनी भरायचे. एका फुग्यात बाराच्या वर शब्द मावत नाहीत, आणि मर्यादा तीच ठेवावी. फुगा ओसंडून वाहत असेल, त्यात वर्गात न शिकवलेली क्रियापदं असतील, तर मजकूर बहुधा यंत्राकडून भाषांतरित झालेला असतो. ओरडून उपयोग नाही. जोडीदाराबरोबर तो संवाद उभ्याने, न वाचता म्हणून दाखवायला सांगायचं. जे तोंडात बसत नाही ते मूल स्वतःच खोडतं, आणि फुग्यात पुन्हा पाच-सहा शब्द उरतात.