केवडा, केळफूल, सुरू: फिजीच्या युद्धगदा ओळखताना

(दृश्य: काळसर लाकडी गदेचं डोकं, अगदी जवळून. टोकदार उंचवट्यांच्या ओळी, मधून पुढे आलेली चोच.)

ही तोतोकिया. लिलावाच्या याद्यांत हिला सर्रास 'अननस गदा' म्हणतात. पण अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फिजीत तो बाहेरून आला. हे उंचवटे आहेत केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या फळाचे. कोकणात केवड्याच्या बेटाखाली पडलेलं फळ ज्यानं पाहिलंय, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आता चोच पाहा. डोक्याचं सगळं वजन त्या एका टोकावर एकवटतं आणि कवटीला नेमकं भोक पडतं. मोठा हात फिरवायला जागा लागत नाही, म्हणून दबा धरून केलेल्या हल्ल्यात ही गदा सोयीची.

(दृश्य: दोन वाकड्या गदा शेजारी शेजारी. खालच्या बाजूला काटा.)

या दोघींना 'बंदुकीच्या दस्त्याची गदा' हे नाव चिकटलंय. तेही बाहेरून पाहणाऱ्यांचंच. डावीकडची साली. रानकेळीसारखी एक वनस्पती त्या बेटांवर वाढते, तिच्या नखीसारख्या वाकड्या फुलावरून हे नाव आलं. हिचं डोकं रुंद, गालांवर बारीक आडव्याउभ्या रेघांचं कोरीवकाम. उजवीकडची गाता, म्हणजे साप. डोकं अरुंद, गाल गुळगुळीत, जबडा उघडा. दोन्हींचा खालचा काटा शोभेचा नाही, घाव हाडात शिरतो तो त्याच्यामुळे.

आकार मात्र नुसत्या छिन्नीनं साधत नाही. लाकूड बहुधा नोकोनोको, म्हणजे आपल्या किनाऱ्यांवरचा सुरूच. जड, चिवट, बारीक रेषेचं. दुसरं लाकूड वेसी. तोतोकियासाठी कोवळं झाड वाकवून, बांधून वाढवत. मग मान वळते तिथे लाकडाची रेषाही वळते. वुनिकाऊ गदेत तर रोपटं मुळासकट उपटून, मुळं छाटून त्यांच्या गाठी डोक्यावर तशाच राखतात.

संग्राहकानं पहिली नजर टाकायची ती इथेच, मानेवर. भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा आणि रेषा कुठे जाते ते पाहा. वळणाबरोबर वळली, तर झाड त्या आकारात वाढलेलं आहे. सरळ जाऊन कडेला तुटली, तर गदा फळीतून कापलेली. असं लाकूड पहिल्याच दणक्याला मानेत मोडतं. लढणाऱ्यानं ती हातात धरली नसती. १८७४ मध्ये फिजी ब्रिटिशांकडे गेलं, लढाया थांबत गेल्या आणि पाहुण्यांना विकायच्या गदा वाढल्या. बाजारातल्या कितीतरी गदा त्या काळानंतरच्या आहेत.

(दृश्य: मुठीवरची नागमोडी नक्षी.)

मुठीवरच्या या नक्षीला तावातावा म्हणतात. घामानं हात सटकू नये, हे तिचं काम. जुन्या मुठीत उंच कडा झिजून गोल झालेल्या असतात आणि खोलगट जागी मळ घट्ट बसलेला असतो. सगळीकडे सारखाच काळा रंग दिसला, तर बूटपॉलिशचा संशय घ्या. लोखंडी हत्याराच्या खुणा दिसल्या म्हणून मात्र गदा बाद करू नका. एकोणिसाव्या शतकात फिजीच्या कारागिरांच्या हाती लोखंड आलेलंच होतं.

फेकायची गदा इ-उला. लांबी साधारण ४० सेंटिमीटर, डोकं मुळाकडचं. ती कमरेला खोचलेली असे, कधी दोन दोन. वाकड्या गदांतलीच किआकावो दिसायला भारदस्त, पण पुष्कळशा हलक्या असतात. त्या मेके नाचासाठी. वजन न करता वाकड्या गदेला लढाऊ म्हणू नये.

डोक्यात माणसाचे दात बसवलेले असले की किंमत चढते, आणि म्हणूनच ते मागाहूनही बसवले जातात. दाताच्या कडेला अतिनील दिवा धरा. आजकालचे बरेच गोंद त्यात चमकतात. खोबणीची कड ताजी, फिकट दिसली, तर व्यवहार तिथेच सोडा. देवमाशाचे दात जडवलेली गदा देशाबाहेर न्यायची तर वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली परवाने लागतात. फिजीतून जुनी वस्तू बाहेर नेण्यावरही कायद्याचं बंधन आहे. म्हणून ती वस्तू कुणी, कधी, कुठून आणली याचे कागद नक्षीइतकेच मोलाचे.

(दृश्य: चांदीनं मढवलेली गदा.)

नामांकित गदांना स्वतःचं नाव असे. थाकोम्बाऊ या प्रमुखानं आपली गदा १८७४ मध्ये राणी व्हिक्टोरियाला दिली. १९३२ मध्ये ती परत आली आणि विधिमंडळाचा राजदंड झाली. एखाद्या गदेची हकिकत इतकी अखंड असणं दुर्मीळ आहे.

घरी आणल्यावर तेल लावू नका. जवसाचं तेल तावातावाच्या खाचांत गोठतं, आणि जो मळ वय सांगतो तोच झाकला जातो. मऊ, कोरडा ब्रश पुरे. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा, ऊन टाळा. मुंबईच्या पावसाळ्यातून एकदम एसीच्या खोलीत नेली, तर बाहेरचा थर आधी सुकतो आणि चीर पडते. खाली भुकटी सांडलेली दिसली, तर कीड जागी आहे. गदा हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे उणे २० अंशांवर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. दात किंवा हाड जडवलेलं असेल, तर हा उपाय करू नका, ते तडकतं. अशी गदा संवर्धकाकडेच न्यावी.