काय टाकलं आणि का टाकलं?

नमस्कार मंडळी! इंदूरवाल्यांना कचऱ्याबद्दल सांगायचं म्हणजे सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून खाण्याचे सल्ले देण्यासारखं आहे, तरी बोलतो. 2017 ते 2023 सलग सात वेळा आपण स्वच्छतेत पहिले (शेवटचा नंबर सुरतबरोबर वाटून घेतला, असो), सहा प्रकारचा कचरा वेगळा करायची सवय झालीये, आणि ओला जातो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, 2022 मध्ये सुरू झाला तो, रोज 550 टन घ्यायची क्षमता, गॅसही निघतो अन् खतही.

सुक्याचं मात्र तसं नाही हो. आमच्या कॉलनीतली कॉलेजची मुलं सर्क्युलर इकॉनॉमीच्या (म्हणजे वस्तू फेकण्याऐवजी पुन्हा पुन्हा वापरात ठेवायच्या) प्रोजेक्टसाठी घरोघर विचारत होती, काय टाकलं आणि का टाकलं. हा "का" मला फार आवडला. एक काकू मिक्सर भंगारात काढत होत्या, "मेला आवाज करतो नुसता, फिरत नाही." पोरांनी भांडं उचलून खाली पाहिलं तर मोटर ठणठणीत, फक्त कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दाते झिजून गुळगुळीत झालेले. एवढासा पार्ट, स्वस्तात मिळतो, पण बहुतेक मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात, नेहमीसारखा फिरवला की अजूनच घट्ट बसतो आणि मग आपण म्हणतो, जाऊ दे, सेलमध्ये नवा घेऊ.

नमकीनचं चकचकीत पाकीट घ्या. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करणं महाकठीण, त्यामुळे बरोब्बर डब्यात टाकलं तरी त्याचं पुन्हा पाकीट काही होत नाही. शेव घ्यायला घरचा डबा न्या की, दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून वजन शून्य करतो, झालं. आणि हळदीकुंकवाचं वाण! मुलांनी माळे बघितले, प्लॅस्टिकचे डबे नि चाळण्या, तशाच पॅक. बायकांना हे पटतं, पण "काहीतरी द्यायला हवं ना", यावर मुलांकडेही उत्तर नव्हतं, मी सुचवलं की कडीपत्त्याचं रोप द्या.

2009 मध्ये ॲमस्टरडॅमला रिपेअर कॅफे सुरू झाला, लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि जाणकारांबरोबर बसून दुरुस्त करतात. आमची मुलं तेच रविवारी पार्किंगमध्ये टेबल टाकून करणारेत, सोबत मोहल्ल्यातले एक जुने मिक्सरवाले दादा. तुमच्याही कॉलनीत करून बघा, फक्त लोकांना सांगा भांडं धुवून आणा, नाहीतर दादांना आधी चटणी खरवडत बसावं लागेल.