कानेओहेचे प्रवाळ

नमस्कार, श्रोतेहो. हवाई बेटांपैकी ओआहू बेटाला कानेओहे नावाचा उपसागर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील प्रवाळ पाहण्यासाठी लोक काचेच्या तळाच्या होड्यांतून जात असत. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर नौदलाच्या विमानतळासाठी तिथल्या प्रवाळभित्ती मोठ्या प्रमाणावर खणून काढल्या गेल्या. पुढे वस्ती वाढली आणि शहराचे व लष्करी तळाचे सांडपाणी उपसागराच्या दक्षिण भागात सोडले जाऊ लागले.

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशात ते जे अन्न तयार करते त्यावरच प्रवाळाची बहुतांश गुजराण होते. म्हणून त्याला नितळ पाणी लागते. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळू लागले की पाण्यात प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतात, पाणी गढूळते आणि तळाशी प्रकाश पोहोचेनासा होतो. कानेओहेत त्याच्या जोडीला डिक्टिओस्फेरिया हे शेवाळ फोफावले. हिरव्या फुग्यांच्या पुंजक्यासारखे दिसणारे हे शेवाळ प्रवाळाच्या बुंध्याशी, फांद्यांच्या सांदीत मूळ धरी आणि वर चढत जिवंत प्रवाळ झाकून टाकी.

१९७७-७८ मध्ये ते सांडपाणी उपसागराबाहेर खोल समुद्रात वळवण्यात आले. पाणी निवळले, शेवाळ ओसरले आणि १९८३ च्या पाहणीत प्रवाळ पुन्हा पसरलेले आढळले. नंतर हा वेग मंदावला. उरलेले शेवाळ २००६ मध्ये, दीर्घकाळच्या पावसाळी, ढगाळ हवेनंतर बहुतांशी नाहीसे झाले. सांडपाण्याचे नुकसान असे भरून येऊ शकते, ही मला मोठ्या आशेची गोष्ट वाटते. खणलेल्या भित्तीला मात्र ही सवलत नाही, कारण प्रवाळाच्या अळ्यांना बसायला टणक पाया हवा असतो आणि गाळाच्या थरावर त्या तग धरत नाहीत.

मुंबईत वरळी व हाजीअलीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत, हे अनेकांना किनारी रस्त्याच्या कामामुळे कळले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या या जिवांच्या काही वसाहती २०२० मध्ये तेथून हलवण्यात आल्या. अशी परवानगी देताना नव्या जागेच्या पाण्यातील सांडपाणी आणि गाळ यांची मोजमापे पुढील अनेक वर्षे नागरिकांसमोर ठेवण्याची अट घातली जावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.