फळ्यावरचा एक टक्का

(दृश्य : नाशिकरोड स्टेशन, सकाळ. पंचवटी एक्स्प्रेस फलाटाला लागते.)

ही पंचवटी. जागा मिळाली की पेपर उघडायचा आणि दादरपर्यंत मान वर करायची नाही, ही पासधारकांची रीत. नव्वदीच्या सुरुवातीला बी.कॉम. झालेला एक मुलगा याच गाडीत शेअरभावांचं पान वाचत मुंबईला जायचा. पुढे तो फंड मॅनेजर झाला, म्हणजे लोकांचे एकत्र केलेले पैसे गुंतवणारा. आज त्याला नाशिक 'सर' म्हणतं. आम्हीही तेच म्हणू.

(दृश्य : जुनी फाइल. शेअर सर्टिफिकेटच्या पाठीवरच्या सह्या, जवळून.)

त्या काळी शेअर विकायचा तर असं सर्टिफिकेट द्यायचं, सोबत ट्रान्सफर डीड, म्हणजे मालकी बदलण्याचा कागद. सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळली नाही की कागद परत. बाजारात त्याला 'बॅड डिलिव्हरी' म्हणत. सरांची उमेदवारी या सह्या ताडून बघण्यात गेली. ही बघा, या सहीतली वेलांटी वरच्या सहीत नाही. एवढ्यावरून व्यवहार अडायचा.

1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावरचे सौदे सुरू झाले, 1996 मध्ये डिमॅट आलं, म्हणजे शेअर कागदाऐवजी खात्यात जमा होऊ लागले. सर संशोधन विभागात गेले. कारखान्यांत हिंडायचं, वसुली कुठे थकलीय ते शोधायचं. ताळेबंदात पूर्ण किमतीला धरलेला माल गोदामात धूळ खात दिसला, तर सर त्या शेअरवर फुली मारत.

(दृश्य : सरांच्या घरातलं कपाट, जुनी कात्रणं.)

जुलै 2001. युनिट ट्रस्टने यूएस-64 या आपल्या गुंतवणूक योजनेची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. लोकांनी सरकारी म्हणून डोळे झाकून घेतलेली योजना. तिचा भाव मालमत्तेच्या बाजारभावाशी बांधलेलाच नव्हता. नाशिकहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. सरांनी पहिल्यांदा एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागची मालमत्तेची किंमत, मराठीतून समजावून सांगितली ती या फोनांवर.

2008 मध्ये 21 हजारांना शिवून आलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 9 हजारांखाली गेला. सरांच्या योजनेतल्या लोकांनाही फटका बसला आणि पुढे सर नोकरी सोडून गावी परतले.

(दृश्य : सभागृह. फळा, खडू. सर गुंतवणुकीवर बोलताहेत.)

1922 पासून वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेलं हे शहर. श्रोता कसलेला, कंटाळला की सरळ उठतो. इथे कुणी उठत नाहीये.

सर फळ्यावर मांडतात : एक लाख रुपये, वीस वर्षं. वर्षाला 12 टक्क्यांनी 9 लाख 64 हजार. 11 टक्क्यांनी 8 लाख 6 हजार. फंडाचा खर्च एका टक्क्याने जास्त, तर दीड लाखावर रक्कम हातची जाते. वितरकाचं कमिशन याच खर्चात असतं. 2013 पासून म्युच्युअल फंडांत कमिशनविना 'डायरेक्ट' पर्याय आहे. विकणारा हे आपणहून कशाला सांगेल? म्हणून हा फळा गावोगावी जायला हवा.

(दृश्य : श्रोत्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचा डबा.)

'कुठला शेअर घेऊ?' अशी चिठ्ठी सर बाजूला ठेवतात. एक काका चिडलेच, "मग फंड मॅनेजर कसले तुम्ही?" सर हसले, पुढची चिठ्ठी उघडली : पतसंस्थेतल्या ठेवीला विमा असतो का?

"बँकेतल्या ठेवीला असतो, 5 लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. आणि काका, दामदुप्पट म्हणणाऱ्याला आधी विचारा, पैसे लावणार कुठे?"