लोणीचा टँकर, भेकराईनगरची बस

(लोणी काळभोर. पहाट. दिवे लावून उभ्या असलेल्या टँकरांची रांग.)

पुण्यातल्या हडपसरच्या गाडीतळापाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सरळ सोलापूरकडे जातो, दुसरा उजवीकडे सासवडकडे वळतो. या माहितीपटाचे जवळजवळ सगळे चित्रीकरण या दोन रस्त्यांवर झाले आहे. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर लागते, जिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून नळवाहिनीने घाट चढून आलेले पेट्रोल आणि डिझेल येथे टँकरमध्ये भरले जाते आणि शहराला पुरती जाग येण्याआधीच पंपांकडे निघते.

समोर दिसतो आहे तेवढ्या टँकरात १२,००० लिटर पेट्रोल मावते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असताना त्यातून तिप्पट वजनाचा वायू निघतो कसा, हा प्रश्न चित्रीकरणाच्या वेळी आमच्यातल्याच एकाने विचारला होता. इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्या ऑक्सिजनचे वजन वायूच्या वजनात धरले जाते. या हिशेबाने फाटकातून बाहेर पडणारा हा एकच टँकर साडेसत्तावीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडची बेगमी घेऊन निघाला आहे. संध्याकाळपर्यंत हा वायू सिंहगड रस्त्यावर, कर्वे रस्त्यावर, चाकणच्या वाटेवर विखुरला जाईल, आणि मग तो कोणालाही मोजता येणार नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या लाखो दुचाकींच्या धुराड्यांना मापक लावणे शक्य नाही. परंतु त्यांना लागणारे इंधन ज्या दारांतून येते ती दारे मोजकीच आहेत, आणि तेथे प्रत्येक लिटरची नोंद करासाठी आधीपासून होत असते. उत्सर्जनावर मर्यादा घालायची असेल तर ती या दाराशी घालावी, हा विचार नवा नाही.

(नकाशा: कॅलिफोर्निया.)

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने देशाच्या केंद्र सरकारची वाट न पाहता २००६ मध्ये हवामानविषयक कायदा केला आणि २०१३ पासून कार्बन बाजार सुरू केला. आरंभी त्यात वीजनिर्मिती आणि मोठे कारखाने होते. १ जानेवारी २०१५ पासून वाहनांचे इंधनही त्याच्या कक्षेत आले. या बाजाराची रचना समजून घेण्याजोगी आहे. राज्यात किती टन उत्सर्जन चालवून घ्यायचे याची मर्यादा सरकार ठरवते, तेवढ्याच टनांचे परवाने काढते, त्यांतले काही वाटते, काहींचा लिलाव करते आणि ही मर्यादा वर्षागणिक खाली आणते. इंधन पुरवणाऱ्या कंपनीला आपण विकलेल्या इंधनातून जेवढे टन निघणार तेवढे परवाने सरकारजमा करावे लागतात. ज्याच्याकडे कमी पडतील त्याने ते लिलावातून किंवा शिल्लक असणाऱ्याकडून विकत घ्यायचे. मोटार चालवणाऱ्याला या बाजारात पाऊलही टाकावे लागत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती पंपावरच्या दरातली थोडी वाढ.

आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग लिलावाच्या पैशांचा आहे. २०१४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने या रकमेची वाटणी कायद्याने बांधून दिली. त्यात २५ टक्के वेगवान रेल्वेला, २० टक्के सार्वजनिक वाहतुकीशी जोडलेल्या परवडणाऱ्या घरांना व विकासाला आणि १० टक्के बस-रेल्वेच्या भांडवली कामांना मिळाले, तर ५ टक्के प्रत्यक्ष सेवा चालवण्यासाठी आणि वाढवण्यासाठी राखले गेले. यातला शेवटचा आकडा सर्वांत लहान असला तरी आम्हाला तोच मोलाचा वाटतो. नवी बस आणण्याच्या समारंभासाठी पैसा उभा राहतो, पण तीच बस पाचव्या वर्षी वेळेवर सोडण्यासाठी उभा राहत नाही, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

(पुन्हा लोणी. टँकर फाटकातून वळतो.)

भारतातही कार्बन बाजाराची चौकट आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना, म्हणजे उत्सर्जनातल्या घटीची प्रमाणपत्रे विकण्या-घेण्याची योजना, अधिसूचित केली. सिमेंट, ॲल्युमिनियम, पोलाद, खते, कागद, वस्त्रोद्योग असे ऊर्जेचा मोठा वापर करणारे उद्योग तिच्यात येतात. त्यांना एकूण उत्सर्जनाची नव्हे, तर उत्पादनाच्या दर टनामागे होणाऱ्या उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली जाते. या यादीत तेलशुद्धीकरण कारखानेही आहेत; मात्र तेथे मोजला जातो तो कारखान्याच्या स्वतःच्या भट्ट्यांचा धूर. त्याच कारखान्यातले पेट्रोल नळवाहिनीत शिरले, लोणीला पोहोचले आणि इथून बाहेर पडले, की ते कोणाच्याच खात्यावर राहत नाही.

हे खाते राज्याने उघडावे, असे आमचे मत आहे. पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे त्यांवर मूल्यवर्धित कर लावण्याचा अधिकार राज्याकडे आहे, आणि महाराष्ट्राने तो प्रदेशानुसार वेगवेगळा वापरलेलाही आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांच्यासाठी एक दर आणि उर्वरित राज्यासाठी दुसरा, ही पद्धत अनेक वर्षे चालू होती. २०२४ च्या अर्थसंकल्पाने ती तफावत काढून टाकली. तेव्हा पुणे महानगर प्रदेशापुरता इंधनाचा वेगळा हिशेब ठेवणे प्रशासनाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणता येणार नाही.

आकड्यांत मांडायचे तर, समजा एक टन कार्बन डायऑक्साइडला १,००० रुपये दर लावला. लिटरभर पेट्रोलमागे २ रुपये ३० पैसे होतात. एवढ्याने कोणी स्कूटर घरी ठेवून बसथांब्यावर जाऊन उभे राहणार नाही, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही नाही. परंतु समोरच्या एका टँकरमागे २७,६०० रुपये जमा होतात, आणि असे टँकर इथून रोज निघतात. प्रश्न आहे तो हे पैसे कोठे जातात याचा.

(भेकराईनगर आगार. रात्र. चार्जरला जोडलेल्या बसगाड्यांची रांग.)

आता दुसरा फाटा, जिकडे हे पैसे जावेत असे आम्हाला वाटते. सासवड रस्त्यावरच्या भेकराईनगर आगारातून २०१९ पासून विजेवरच्या बस धावत आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या परिवहन संस्था २००७ मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल स्थापन झाली. तिच्या बस दोन्ही महापालिकांची हद्द ओलांडून आसपासच्या गावांपर्यंत जातात. म्हणजे ‘प्रादेशिक धोरण’ हा शब्द कागदांवर ज्या अर्थाने येतो, त्या अर्थाने ही संस्था प्रदेशाची आहे.

रात्री आगारात विलक्षण शांतता असते. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही, केवळ चार्जरच्या पंख्यांचा आवाज. हे दृश्य पाहताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बारा मीटरची बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज घेते, आणि देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण त्यातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. हिशेब किलोमीटरला जवळजवळ ०.९ किलोवर येतो, आणि लिटरला तीन किलोमीटर जाणाऱ्या डिझेल बसचा धूरही तेवढाच भरतो. शहराची हवा नक्कीच स्वच्छ होते. पृथ्वीच्या खात्यात मात्र फायदा वीज स्वच्छ होईल तसतसाच जमा होईल.

खरा फरक बसमध्ये किती माणसे बसली आहेत यावर ठरतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर किलोमीटरला सुमारे ५० ग्रॅम उत्सर्जन करते. बसमध्ये अठरा प्रवासी असतील तर दरडोई उत्सर्जन एकट्या स्कूटरस्वाराएवढे होते, चाळीस असतील तर निम्म्याहून कमी. प्रवासी तेव्हाच येतात, जेव्हा बस वारंवार येते आणि वाहनांच्या गर्दीत अडकत नाही. त्यासाठी चालक, वाहक, दुरुस्ती आणि राखीव मार्गिका लागतात, आणि यांपैकी कशासाठीही मोठा उद्घाटन सोहळा होत नाही. नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका बांधली गेली आणि पुढे तिचा काही भाग काढूनही टाकला गेला. सशुल्क पार्किंगचे धोरण महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये मंजूर केले, आणि रस्ते आहेत तसेच आहेत.

बसमुळे वाचलेल्या उत्सर्जनाचे क्रेडिट विकून पैसे उभारावेत, असाही एक मार्ग सुचवला जातो. दिल्ली मेट्रोने ब्रेक लावताना वीज परत मिळवणाऱ्या यंत्रणेसाठी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेखाली अशी नोंदणी करून घेतली होती. आम्हाला हा मार्ग दुय्यम वाटतो, कारण विकलेली घट विकत घेणाऱ्याच्या खात्यात जाते आणि तो तेवढा धूर सोडायला मोकळा होतो. लोणीच्या फाटकावर मर्यादा असेल तर तसे होणार नाही.

इंधन महागल्याचा भार दूर राहणाऱ्या आणि बस न पोहोचणाऱ्या माणसावर आधी पडेल, हे खरे आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील तीन राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टनने वाहतुकीच्या इंधनासाठी २०२० मध्ये केलेला करार पेट्रोलच्या दराच्या भीतीपोटीच वर्षभरात बारगळला.

(गाडीतळ. पहाट.)

सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एक बस सासवड रस्त्याने गाडीतळावर येते. सोलापूर रस्त्याने आलेला टँकर सिग्नलला तिच्या शेजारी थांबतो. हिरवा दिवा लागताच दोन्ही गाड्या शहराच्या दिशेने निघतात. बस निघाली तेव्हा आत बहुतेक बाके रिकामी होती. मगरपट्ट्याच्या पुढे बसायला जागा उरली नव्हती.